पदवीचा अभ्यास, चित्रकथा आणि लघुपट : मर्यादित खर्चात कोणता लॅपटॉप घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. पुढच्या सत्रापासून माझा समाजशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू होत आहे आणि त्यासाठी मला माझा पहिला लॅपटॉप घ्यायचा आहे. आतापर्यंत मी घरातल्या सगळ्यांचा मिळून असलेला एकच डेस्कटॉप वापरत आले. त्याला ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे, त्यामुळे चित्राचे पंधरा-वीस थर झाले की रेघ हाताच्या मागे रेंगाळू लागते आणि फाइल जतन होईपर्यंत नुसते बसून राहावे लागते.

माझे काम तीन प्रकारचे आहे. पहिले अभ्यासाचे : शेकडो पानांच्या पीडीएफ, टिपणे, निबंध आणि सर्वेक्षणांतील आकडेवारीसाठी स्प्रेडशीट व 'आर' (संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर). दुसरे चित्रकथांचे : मी स्क्रीन नसलेल्या पेन टॅबलेटवर, क्रिता या सॉफ्टवेअरमध्ये, ए४ आकाराची पाने ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) काढते, कारण ती पुढे छापली जावीत अशी माझी इच्छा आहे. तिसरे काम वर्षातून चार-पाच वेळाच येते : पाच-सात मिनिटांचा एखादा लघुपट, ज्याचे चित्रीकरण फोनवर किंवा मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर होते आणि संकलन मी करते.

जवळजवळ सारख्याच खर्चात मला तीन पर्याय मिळत आहेत. एक नवा गेमिंग लॅपटॉप आहे, त्यात एच मालिकेतील प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. स्क्रीनपुढे 'फुल एचडी, ४५ टक्के एनटीएससी' एवढेच लिहिले आहे. दुसरा नवा, पातळ आणि हलका लॅपटॉप रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा आहे. त्याची ८ जीबी रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली आहे. तिसरा रिफर्बिश्ड, म्हणजे एखाद्या कार्यालयात वापरून झालेला आणि दुरुस्त करून विकला जाणारा, ११व्या पिढीच्या कोअर आय५चा, १६ जीबी रॅम आणि १४ इंची आयपीएस फुल एचडी स्क्रीन असलेला.

ओळखीच्यांपैकी अर्ध्यांचे म्हणणे असे, की चित्र आणि चित्रफीत म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड हवेच. उरलेल्यांचे म्हणणे असे, की वापरलेले यंत्र चार वर्षांच्या अभ्यासासाठी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. मला पुन्हा लवकर खर्च करणे शक्य नाही, म्हणून एकदाच नीट समजून घेऊन निर्णय करायचा आहे. कशाला महत्त्व द्यावे आणि कशावर पाणी सोडावे, हे कृपया कारणांसह सांगावे.


प्रतिसाद १

मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे करतो, त्यामुळे माझे उत्तर चित्रकथांच्या बाजूने झुकलेले आहे हे आधीच सांगतो. तुमच्या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेला आहात आणि ती म्हणजे '४५ टक्के एनटीएससी'.

एनटीएससी हे मूळ अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीसाठी १९५३ साली ठरवलेले मानक आहे आणि लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ते आजही स्क्रीन किती रंग दाखवू शकते हे सांगण्यासाठी वापरले जाते. आपण ज्या रंगपटात, म्हणजे रंगांच्या ठरावीक संचात, काम करतो तो एसआरजीबी रंगपट म्हणजे साधारण ७२ टक्के एनटीएससी. त्यामुळे ज्या स्क्रीनवर '४५ टक्के' लिहिलेले असते ती एसआरजीबीमधील सुमारे साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवते. उरलेले रंग दिसत नाहीत असे नाही, ते चुकीचे दिसतात : गडद लाल विटकरीकडे झुकतो, केशरी आणि लाल यांच्यातले अंतर मिटते, हिरवा मातकट होतो. माझा पहिला लॅपटॉप अशाच स्क्रीनचा होता. चित्र फिके दिसते म्हणून मी रंग चढवत गेलो आणि छापून आलेल्या पानावर माणसांचे चेहरे ताप आल्यासारखे लाल झाले. दोष छपाईचा नव्हता, मी जे पाहून रंगवत होतो तेच खरे नव्हते. अशा स्क्रीनवर रंगमापक यंत्र लावून प्रोफाइल बनवले तरी तिच्यात जे रंगच नाहीत ते उगवत नाहीत.

आता एक सावधगिरी, कारण इथे बहुतेक जण फसतात. 'आयपीएस' या शब्दाचा अर्थ एवढाच, की स्क्रीनकडे बाजूने किंवा वरून पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. ती स्क्रीन किती रंग दाखवते याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. ४५ टक्क्यांच्या आयपीएस स्क्रीनही असतात आणि कार्यालयांसाठी बनलेल्या लॅपटॉपमध्ये त्या सर्रास आढळतात, कारण पत्रे आणि हिशेब लिहिणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. म्हणून तिसऱ्या पर्यायाच्या विक्रेत्याला नेमके विचारा, की स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी आहे का आणि तिची उजळता किती निट (उजळतेचे एकक) आहे. २५० निट असेल तर खिडकीशेजारी बसून काम करताना डोळे ताणावे लागतील. ३०० किंवा त्याहून अधिक असेल तर बरे. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या दर्जाच्या स्क्रीन बसवलेल्या असतात, त्यामुळे मॉडेलचे नाव पुरेसे नाही. यंत्राची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनचा स्वतःचा क्रमांक दिसतो, तो मागून घ्या आणि त्यावरून शोधा.

दुसरी गोष्ट रॅमची. ती अंदाजाने न ठरवता मोजता येते. ३०० डीपीआयचे ए४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून ४ बाइट लागतात, म्हणून पूर्ण भरलेला एक थर सुमारे ३५ एमबी. असे ३० थर झाले की १ जीबी. प्रत्येक रंगाला १६ बिट घेऊन काम केले तर तेच २ जीबी. क्रिता थराचा जेवढा भाग रंगवला आहे तेवढाच साठवते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असतो, पण केलेली कृती मागे घेता यावी म्हणून ठेवलेला इतिहास त्यात भर घालतो. ऑपरेटिंग सिस्टम आणि दहा-बारा टॅब उघडलेला ब्राउझर मिळून ४ ते ५ जीबी सहज व्यापतात. संदर्भचित्रे बाजूला उघडी ठेवून, पीडीएफ वाचत वाचत चित्र काढायचे असेल तर ८ जीबी आजच अपुरी आहे आणि चार वर्षांनी ती अडचणच होईल. १६ जीबी ही तुमच्यासाठी चैन नाही.

या कारणाने दुसरा पर्याय मी सरळ बाद करतो. त्याची रॅम बोर्डवर पक्की आहे, म्हणजे आज ८ जीबी घेतली तर ती शेवटपर्यंत ८ जीबीच राहणार. शिवाय त्याच्या प्रोसेसरचे नाव दिशाभूल करणारे आहे. ७५२०यू या क्रमांकातील पहिला ७ हा २०२३ या वर्षाच्या मालिकेचा अंक आहे, पण आतली रचना तिसऱ्या अंकावरून कळते आणि तो इथे २ आहे, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना. शेजारच्या ७५३०यूमध्ये झेन ३ आहे आणि ७५४०यूमध्ये झेन ४. नावात फरक एका अंकाचा, पण आतली यंत्रे वेगवेगळ्या काळातली. नवे खोके म्हणजे नवे तंत्र असे समजू नका.

ग्राफिक्स कार्डाबद्दल माझे मत असे, की सपाट चित्रांसाठी त्याची गरज नाही. ब्रशची रेघ प्रोसेसर आणि रॅम ओढतात. कॅनव्हास फिरवणे, लहान-मोठा करणे एवढ्यासाठी ग्राफिक्सची मदत लागते आणि ती प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सही देते. चित्रफितींबद्दल जाणकारांनी सांगावे.


प्रतिसाद २

मी लघुपट आणि माहितीपटांचे संकलन करते. वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण 'ग्राफिक्स कार्डाची गरज नाही' हे वाक्य चित्रांपुरतेच खरे मानावे. संकलनासाठी पहिला प्रश्न कार्डाचा नसून कॅमेऱ्याच्या फाइलचा असतो आणि तो फार कमी लोक विचारतात.

कॅमेरा किंवा फोन चित्र दाबून साठवतो. संकलन करताना ते प्रत्येक फ्रेमला पुन्हा उलगडावे लागते आणि लॅपटॉप अडखळतो तो बहुधा इथे. एच.२६४ आणि एच.२६५ या दाबण्याच्या पद्धती आहेत, तर बिट आणि ४:२:० यांसारखे आकडे रंगांची किती माहिती जपली ते सांगतात. आठ बिटचे, ४:२:० प्रकारचे एच.२६४ हे जवळजवळ कोणताही अलीकडचा प्रोसेसर स्वतःतील खास सर्किटने सहज उलगडतो. एच.२६५ही बहुतेक ठिकाणी चालते. पण बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत १० बिट ४:२:२ हा पर्याय असतो, तो रंगसंस्कारासाठी उत्तम असतो आणि लॅपटॉपसाठी कठीण. एच.२६५मधील हा प्रकार इंटेलच्या ११व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांतील अंगभूत एक्सई ग्राफिक्स उलगडू शकते. आरटीएक्स ३०५० उलगडू शकत नाही, एनव्हिडियाने ती सोय २०२५ सालच्या आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. म्हणजे ज्या कामासाठी लोक गेमिंग लॅपटॉप सुचवतात, त्यातल्या एका भागात तुमचा तिसरा, वापरलेला पर्याय त्या कार्डाच्या पुढे आहे. पहिल्या पर्यायातील प्रोसेसरही इंटेलचा, ११व्या किंवा त्यापुढच्या पिढीचा असेल आणि त्यात अंगभूत ग्राफिक्स असेल तर हा फरक उरत नाही, हे लक्षात घ्यावे. दोन्ही ठिकाणी संकलनाचे सॉफ्टवेअर ती सोय वापरत असले पाहिजे, ही अट आहेच.

फाइल जड निघाली तरी मार्ग बंद होत नाही. केडेनलाइव्ह आणि डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवता येतात, म्हणजे मूळ फाइलची लहान प्रत करून संकलन तिच्यावर करायचे आणि शेवटी सॉफ्टवेअरने मूळ फाइल वापरून अंतिम चित्रफीत काढायची. ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीत सुमारे २१ लाख, म्हणजे लॅपटॉपवरचा भार चौथ्या हिश्शावर येतो. मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षे कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर असेच काम केले. प्रॉक्सी तयार होईपर्यंत वाट पाहावी लागते, पण कापाकापीच्या दर्जात त्याने काही उणे येत नाही.

अंगभूत ग्राफिक्सबद्दल एक गोष्ट मात्र जरूर तपासा. तिला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते, म्हणून रॅमचा वेग हाच तिचा वेग. डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन असतील तर ५१.२ जीबी. ११व्या पिढीच्या आय५मध्ये हा फरक नावातही दिसतो : रॅम दोन मार्गांनी जोडलेली असेल तर ग्राफिक्सचे नाव 'आयरिस एक्सई' असे येते, एकाच मार्गाने असेल तर त्याच प्रोसेसरवर नुसते 'यूएचडी' असे येते. विक्रेत्याने १६ जीबीची एकच पट्टी बसवलेली असेल तर तिच्याऐवजी आठ-आठच्या दोन मागा.

त्रिमितीय काम करणार असाल तर माझे उत्तर वेगळे असेल. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या सायकल्स या भागात अंतिम चित्र तयार करताना आरटीएक्स कार्ड आणि केवळ प्रोसेसर यांच्यात इतका फरक पडतो, की रात्रभराचे काम तासा-दोन तासांवर येऊ शकते. तेव्हा पहिला पर्याय घ्यावा, रॅम १६ जीबी करावी आणि रंगांसाठी वेगळा मॉनिटर ठेवावा. त्यातही एक पाहावे : लॅपटॉपमधील आरटीएक्स ३०५० एकाच नावाने ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत येते आणि ३५ वॉटचे कार्ड ८० वॉटच्या कार्डाइतके काम करत नाही. तो आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, नसल्यास विचारावा.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मैत्रिणीला विचारले. तिच्या कॅमेऱ्यात ४के चित्रण ८ बिटचे, एच.२६४ प्रकारचे आहे आणि १०० एमबीपीएस असा आकडा दिसतो. त्रिमितीय काम मला करायचे नाही. वर्गात दिवसभर लॅपटॉप सोबत वाहायचा आहे, त्यामुळे गेमिंग लॅपटॉपचे वजन आणि त्याचा जड चार्जर हेही मनातून उतरले आहे. आता कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे, पण वापरलेले यंत्र कसे पारखावे हे मला अजिबात ठाऊक नाही आणि भीती तीच आहे. शिवाय ५१२ जीबीची एसएसडी पुरेल का?


प्रतिसाद ३

मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. वापरलेले यंत्र म्हणजे पैसे पाण्यात, हे सरसकट खरे नाही. कार्यालयांसाठी बनणाऱ्या थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या मालिका उघडून दुरुस्त करता याव्यात अशाच बांधलेल्या असतात आणि कंपन्या ती यंत्रे तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात, म्हणून ती बाजारात येतात. पण न तपासता घेतलेले यंत्र खरोखरच डोकेदुखी ठरते. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी कुलूप. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि तिथे पासवर्ड मागितला तर ते यंत्र घेऊ नका. त्यानंतर विक्रेत्यासमोरच विंडोज पूर्ण रीसेट करा आणि इंटरनेटला जोडून नव्याने सुरू करा. आधीच्या संस्थेने यंत्र आपल्या दूरस्थ व्यवस्थापनात नोंदवून ठेवलेले असेल तर याच टप्प्यावर त्या संस्थेचे लॉगिन समोर येते. एका विद्यार्थ्याने माझ्याकडे असेच यंत्र आणले होते : दोन महिने ठीक चालले, त्याने विंडोज रीसेट केली आणि ते त्याच्यासाठी बंद झाले. सगळे सुटे भाग उत्तम होते, मी काहीही करू शकलो नाही. मॅक घेत असाल तर त्यातील ॲक्टिव्हेशन लॉक आधीच्या मालकाने काढले आहे ना, हे असेच पाहावे.

मग बॅटरी. विंडोजच्या कमांड खिडकीतून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा बॅटरी रिपोर्टच्या पर्यायासह चालवली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर प्रत्यक्ष मिळणारी क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ५० वॉटतास असेल आणि आज ४०पेक्षा कमी भरत असेल तर नवी बॅटरी बसवून देण्याची अट घाला किंवा तेवढी रक्कम कमी करून घ्या. किती तास चालेल हे भागाकाराने कळते : वाचन-लेखनात यंत्र सरासरी ७ वॉट खात असेल तर ४० वॉटतासांत साडेपाच तासांहून थोडे अधिक मिळतात, चित्रकामात वापर दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो. 'दहा तास चालते' असे कोणी सांगितले तर ते कोणत्या कामात, हे विचारा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा दाबला जात नसेल तर खाली बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशा यंत्राला चार्जर लावू नका, ते तिथेच ठेवा.

स्क्रीनवर आधी पूर्ण पांढरे, मग पूर्ण काळे चित्र पसरून पाहा. पांढऱ्यावर डाग आणि पिवळसर पट्टे दिसतात, काळ्यावर कडांतून झिरपणारा उजेड. बिजागरी हळू उघडून पाहा. कुरकुर ऐकू आली किंवा कोपऱ्यापाशी कवच फाकले तर तो भाग लवकरच तुटणार आहे. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक पोर्टला काहीतरी लावून पाहा. यूएसबी-सी पोर्ट दिसायला सगळे सारखे असले तरी काही फक्त माहिती देतात-घेतात, काही चार्जही करतात आणि काही मॉनिटरही चालवतात. तुम्हाला पुढे मॉनिटर जोडायचा असेल तर हे आजच कळले पाहिजे.

शेवटी यंत्राला वीस मिनिटे पूर्ण भाराखाली चालवा. पंखा वाजणारच, पण वेग एकदम कोसळून तसाच खाली राहिला तर आत धूळ साठली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे. दोन्ही दुरुस्त होते, पण विकण्याआधी ते करून देणे विक्रेत्याचे काम आहे. एसएसडीचे आरोग्य दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती किती तास चालली आणि तिच्यावर किती माहिती लिहिली गेली हेही दिसते. मात्र ती खराब निघाली तरी काळजी नको, कारण ती स्क्रू काढून बदलता येते.

पिढीबद्दल : विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (यंत्रातील सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा ८व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून ६व्या-७व्या पिढीचे यंत्र घेऊ नका. तुमचे ११व्या पिढीचे आहे, तिथे अडचण नाही.

५१२ जीबीबद्दल हिशेब असा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट म्हणून सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला ४५ जीबी. सात मिनिटांच्या लघुपटासाठी तुम्ही तीन-चार तासांचे चित्रण कराल, प्रॉक्सी वेगळ्या. एका वेळी एक प्रकल्प लॅपटॉपवर आणि पूर्ण झालेले बाहेरच्या डिस्कवर, असे ठेवलेत तर पुरेल. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) आहे की साटा (जुन्या, हळू जोडणीची), याची फार चिंता करू नका. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि तुमच्या फाइलला १२.५ पुरतात.


प्रतिसाद ४

मी विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहते, म्हणून दोनच गोष्टी जोडते.

खरेदीआधी विभागाला विचारावे, की अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. तुमच्या विषयात 'आर' आणि लिबरऑफिस कुठेही चालतात, पण हा धागा वास्तुकला किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी ध्यानात ठेवावे, की रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतात, तर फायनल कट प्रो लॅपटॉपांपैकी फक्त मॅकवर. मॅकचा विषय निघालाच आहे म्हणून : २०२० सालच्या एम१ मॅकबुक एअरची स्क्रीन रंगांच्या बाबतीत या तिन्ही पर्यायांपेक्षा उजवी आहे, ती पी३ हा एसआरजीबीहून मोठा रंगपट दाखवते. पण या मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि वापरलेल्या बाजारात बहुतेक ८ जीबीच्या मिळतात. १६ जीबीची मिळाली तरच विचार करावा.

दुसरी गोष्ट बॅकअपची. सगळी रक्कम लॅपटॉपवर खर्च करू नका, त्यातला काही भाग बाहेरच्या डिस्कसाठी आजच बाजूला काढा. दरवर्षी शेवटच्या सत्रात कोणीतरी रडत माझ्याकडे येते आणि त्या वेळी लॅपटॉप कोणत्या प्रोसेसरचा आहे याला काहीच अर्थ उरलेला नसतो. तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत वेगळ्या जागी. प्रबंध आणि लेखन तर इतके लहान असते, की ते कोणत्याही मोफत क्लाउडमध्ये मावते. चित्रे आणि चित्रण डिस्कवर जाऊ द्या.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

कालच लॅपटॉप घेतला, म्हणून कळवते आहे.

विक्रेत्याकडे त्याच मॉडेलची चार यंत्रे होती. मला आधी दाखवलेल्या यंत्राच्या स्क्रीनचा क्रमांक शोधला तर ती ४५ टक्क्यांचीच निघाली, २५० निटची. त्यांना स्वतःलाही हा फरक ठाऊक नव्हता. उरलेल्या तिघांचे क्रमांक एकेक करून पाहिले, त्यांपैकी एक १०० टक्के एसआरजीबीची मिळाली आणि तेच यंत्र घेतले. दोन्ही स्क्रीनवर मी माझेच एक पान शेजारी शेजारी उघडले होते. त्यातल्या मुलीचा फेटा पहिल्या स्क्रीनवर विटकरी आणि दुसरीवर मी रंगवताना मनात धरलेल्या कुंकवाच्या रंगाचा दिसत होता.

या यंत्राची बॅटरी ५० वॉटतासांपैकी ३७ भरत होती, म्हणून नवी बसवून घेतली आणि तसे पावतीवर लिहून घेतले. विंडोज समोरच रीसेट केली, कोणाचेही लॉगिन आले नाही. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी होती आणि ग्राफिक्सचे नाव 'यूएचडी' असे दिसत होते. विनंती केल्यावर आठ-आठच्या दोन बसवून दिल्या आणि पुन्हा सुरू केल्यावर त्याच जागी 'आयरिस एक्सई' हे नाव आले. यूएसबी-सीवर मॉनिटर चालतो हे त्यांच्याच मॉनिटरला जोडून पाहिले. उरलेल्या पैशांत १ टीबीची बाहेरची डिस्क घेतली.

रात्री ३४ थरांचे एक पान उघडून काम केले, ब्राउझरमध्ये संदर्भचित्रे उघडीच होती. रेघ हातासोबत येत होती. पुढच्या आठवड्यात त्यातली दोन पाने छापून आणणार आहे, स्क्रीनशी ताडून पाहिल्यावर रंग कसे आले ते इथेच लिहीन.